सेंट मेरीजच्या बाकावर

गेल्या मे महिन्यात मी तीन आठवडे इंग्लंडला जाऊन आले. तेव्हापासून मंडळाच्या संपादकांनी माझ्यामागे प्रवासवर्णनाचा लकडा लावलाय. खरं सांगते, प्रवासवर्णन लिहावं इतकी मी फिरलेच नाही. लंडन मी विमानतळापुरतं पाहिलं. मी गेले होते पापांना भेटायला आणि पापा असतात स्विंडनला. आपल्या कॉलेजात स्विंडन कुठे आहे हे सांगत बसावं लागत नाही. प्रत्येक वर्गात दोघातिघांचं कोणीतरी तिथे आहेच. आजोबांचा जन्म पोर्तुगीज राजवटीतला, त्या आधारावर पापांनी पासपोर्ट केला आणि २०१५ साली ते गेले. तेव्हा मी सहावीत होते. तेव्हापासून ते एका गोदामात रात्रपाळी करतात.

तीन आठवड्यांत आम्ही दोघांनी मिळून एकच ठिकाण नीट पाहिलं, ते म्हणजे ऑक्सफर्डमधलं सेंट मेरी द व्हर्जिन, तिथल्या विद्यापीठाचं जुनं चर्च. त्याच्याबद्दलच लिहायचंय. पण त्याआधी एक किटलीखालची गोष्ट सांगायला हवी.

जाताना मी आपल्या मागच्या अंकातल्या माझ्या लेखाची प्रिंट काढून नेली होती. माझं पहिलंच छापून आलेलं लिखाण. पापा फोनवर फार वाचत नाहीत, म्हणून कागद. पहिल्याच संध्याकाळी मी तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला, पानं उलटली आणि म्हणाले, "तुझें नांव खंय आसा तें दाखय." मी दाखवलं. त्यांनी नावावर बोट ठेवलं, थोडा वेळ तसंच ठेवलं आणि कागद टेबलावर ठेवून कामावर निघून गेले. दोन दिवसांनी पाहते तर ते कागद इलेक्ट्रिक किटलीखाली. माझ्या नावाच्या बरोबर वर पाण्याचं गोल वर्तुळ.

मी काही बोलले नाही, पण राग आला. आणि राग आला तरी मला कारण माहीत होतं. पापांना देवनागरी वाचता येत नाही म्हटलं तरी चालेल. शाळेत हिंदीपुरती गिरवली, ती नववीला शाळा सुटली तशी सुटली. ते वाचतात ती कोंकणी, रोमीतली: प्रार्थनेचं पुस्तक, तियात्राची गाणी, मम्मीचे मेसेज. मम्मी सावंतवाडीची. तिची शाळा, तिचं वाचन, माहेरी लिहिलेली पत्रं सगळं मराठी. नवऱ्यासाठी ती रोमी शिकली, आणि मी तिच्याकडून मराठी घेतली. पापांकडे देवनागरी परत कधी फिरकलीच नाही.

लिपी एवढीच अडचण असती तर सोपं होतं. आमच्या घरात मराठी हा जुना वाद आहे. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात आजोबांनी दोन पानांवर शिक्का मारला होता. गोवा महाराष्ट्रात जाऊ नये म्हणून. राजभाषेचं आंदोलन पेटलं तेव्हा पापा शाळकरी पोर होते, मोर्च्यात गेले होते. १९८७ च्या कायद्यात कोंकणी राजभाषा झाली, पण देवनागरीतली. मराठीला सरकारी वापरापुरती जागा मिळाली आणि पापांच्या रोमीला कुठेच नाही. तेव्हा मुलीने बारावीनंतर मराठी साहित्य घेतलं, यावर ते काय म्हणणार? "मराठी शिकून कितें करतली गो?" हा प्रश्न मी तीन वर्षं ऐकतेय. त्यातला अर्धा प्रश्न नोकरीचा आहे. उरलेला अर्धा आजोबांच्या शिक्क्याचा.

तर अशा पार्श्वभूमीवर आम्ही ऑक्सफर्डला निघालो. पापा सकाळी रात्रपाळी करून आले, आंघोळ केली आणि न झोपताच बसला उभे राहिले. स्विंडनहून डबलडेकर जाते. वरच्या मजल्यावर सगळ्यांत पुढे बसलो. दोन्हीकडे हिरवी शेतं, मेंढरं. दहा मिनिटांत पापांचा डोळा लागला. त्यांच्या अंगावर राखाडी कोट होता, ऑक्सफॅमच्या दुकानातून घेतलेला, जुनाच पण उबदार. मी खिडकीबाहेर बघत होते आणि मनात कागदावरचं वर्तुळ होतं.

ऑक्सफर्ड गावात शिरलं की आधी दगडाचा रंग दिसतो. मधासारखा पिवळसर चुनखडीचा दगड, कॉलेजांना तोच, भिंतींना तोच. हाय स्ट्रीटवर सेंट मेरीजचा सुळका लांबूनच दिसतो. त्याखालचा मनोरा तेराव्या शतकातला, सुळका चौदाव्यातला. विद्यापीठाला स्वतःची इमारत नव्हती तेव्हा या चर्चमध्येच सभा भरायच्या, पदव्या दिल्या जायच्या. विद्यापीठाचं पहिलं ग्रंथालयही इथेच, बाजूला जोडलेल्या इमारतीत माडीवर होतं.

रस्त्याकडचं दार मात्र गॉथिक नाही. ते १६३७ सालचं आहे. दोन बाजूंना पीळ दिलेले खांब, वर मेरी आणि बाळ येशूची मूर्ती. पापा थबकले. "हे बॉम जेझूसच्या आल्तारावर आहेत तसे खांब," ते म्हणाले. खरंच तसेच होते. मग त्यांनी मान वर केली. "आणि ही सायबीण! प्रोटेस्टंटांच्या दारावर?"

मी त्यांना वाचून ठेवलेलं सांगितलं. ही मूर्ती त्या काळच्या अनेक इंग्रजांनाही खटकली होती. १६४२ मध्ये पार्लमेंटच्या शिपायांनी तिच्यावर गोळ्या झाडल्या. आर्चबिशप लॉड यांच्यावर खटला चालला तेव्हा आरोपांत ही मूर्तीही निघाली, आणि १६४५ मध्ये त्यांचं डोकं उडवलं गेलं. पापांनी कोटाच्या खिशातून हात काढून क्रूस केला आणि आत शिरले. आत शिरताना उजवा हात सवयीने दाराजवळच्या भिंतीकडे गेला, पवित्र पाण्यासाठी. तिथे पाणी नव्हतं. कोरडा हात तसाच कपाळाला लावून ते पुढे गेले.

गोव्यात गॉथिक म्हटलं की आपल्याला साळगावचं पांढरं चर्च आठवतं. पण ते १८७३ चं, म्हणजे जुन्या शैलीची नवी आठवण. आपली जुनी चर्चं वेगळी असतात. सेमध्ये उभं राहिलं की भिंतींची जाडी अंगावर येते, उजेड लांबून येतो. इथे उलटं. टोकदार कमानींमुळे वरचं वजन बाजूला न ढकलता जास्त करून खाली जातं, ते सडपातळ खांबांवर येतं, आणि भिंतीला फारसं काम उरत नाही. मग भिंतीच्या जागी खिडक्या. सेंट मेरीजचा मधला भाग पंधराव्या-सोळाव्या शतकात पुन्हा बांधला, तेव्हा ही कला पिकलेली होती. बाहेर ढग होते तरी आत उजेड होता. पापा म्हणाले, "झाडांखाली उभं राहिल्यासारखं वाटतं. माडांच्या नाही, दुसऱ्या कुठल्या तरी."

मी त्यांना एका खांबापाशी नेलं. त्या खांबाचा दगड एका जागी कापलेला आहे. १५५६ साली तिथे एक फळ्यांचा चौथरा बसवला होता, त्यासाठी तो कापला असं सांगतात. चौथऱ्यावर उभं केलं होतं थॉमस क्रॅन्मर यांना. ते कँटरबरीचे आर्चबिशप, इंग्लंडच्या चर्चला रोमपासून वेगळं करणाऱ्यांपैकी एक. राणी मेरी गादीवर आली आणि देश पुन्हा कॅथलिक झाला, तेव्हा त्यांना पकडलं. त्यांनी आपली मतं मागे घेतल्याच्या कागदांवर सह्या केल्या. २१ मार्चला पाऊस होता म्हणून प्रवचन चर्चमध्येच ठेवलं. सगळ्यांसमोर त्यांनी पुन्हा एकदा माघार जाहीर करायची असं ठरलं होतं. क्रॅन्मर बोलायला लागले आणि माघारच मागे घेतली. ज्या हाताने सह्या केल्या तो हात आधी जळेल, असं म्हणाले. त्यांना तिथून ओढत ब्रॉड स्ट्रीटला नेलं आणि जाळलं. उजवा हात त्यांनी स्वतः आधी आगीत धरला.

"कोणी जाळलं?" पापांनी विचारलं.

"आपण," मी म्हटलं. "कॅथलिकांनी."

पापा गप्प झाले. मीही. वाचताना हे वाक्य मला सोपं वाटलं होतं. बापाला सांगताना जड गेलं.

क्रॅन्मर यांची एक गोष्ट साहित्याच्या विद्यार्थ्याला सोडता येत नाही. १५४९ मध्ये त्यांनी इंग्रजी प्रार्थनेचं पुस्तक आणलं, 'बुक ऑफ कॉमन प्रेअर'. तोवर उपासना लॅटिनमधून व्हायची. लोकांना कळेल अशा भाषेत प्रार्थना हवी, हा त्यांचा आग्रह. आमच्या चर्चने हीच मुभा दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत १९६३ मध्ये दिली, म्हणजे ४१४ वर्षांनी. आज मी कोंकणीत मिसा ऐकते ती त्यामुळे.

एवढं ऐकल्यावर मला वाटलं, पापा क्रॅन्मर यांच्या बाजूचे होतील. मातृभाषेसाठी मोर्च्यात गेलेला माणूस. मग मी त्यांना दुसरी बाजूही सांगितली, कारण तीही तितकीच खरी आहे. १५४९ सालीच इंग्लंडच्या नैर्ऋत्येला कॉर्नवॉल आणि डेव्हनमध्ये या पुस्तकाविरुद्ध बंड झालं. कॉर्नवॉलच्या लोकांचं एक म्हणणं असं होतं की आमच्यातल्या कित्येकांना इंग्रजी येतच नाही. त्यांची भाषा कॉर्निश. लंडनमध्ये जी लोकांची भाषा होती, ती त्यांच्या गावात वरून आलेली भाषा होती. ते बंड चिरडलं, हजारो माणसं मेली.

पापांनी माझ्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाले, "बघ."

काय बघ, ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. मला मराठी मम्मीच्या मांडीवर मिळाली. आजोबांना ती मतपेटीत भेटली. एकच भाषा दोन दारांनी एका घरात आली, हे मला तोपर्यंत कधी सुचलं नव्हतं. मी पापांचा विरोध हट्ट समजत होते. त्या कापलेल्या खांबापाशी तो मला पहिल्यांदा नुसता हट्ट वाटला नाही.

मधल्या बाकांवर आम्ही बसलो. आताची बाकं नंतरची आहेत, पण जागा तीच. २७ जून १५८१ च्या सकाळी विद्यापीठाच्या समारंभासाठी लोक इथे आले, तेव्हा बाकांवर एक छोटं लॅटिन पुस्तक ठेवलेलं त्यांना मिळालं. 'देचेम रात्सिओनेस', म्हणजे दहा कारणं. लिहिणारा एडमंड कॅम्पियन, याच विद्यापीठाचा एके काळचा गाजलेला वक्ता, नंतर जेझुइट झालेला. आता राज्य राणी एलिझाबेथचं होतं आणि जेझुइट सापडला की मरण. लपवलेल्या छापखान्यात पुस्तक छापून रातोरात ते इथे आणून ठेवलं होतं. पुढच्याच महिन्यात कॅम्पियन पकडले गेले आणि १ डिसेंबरला लंडनमध्ये त्यांना फाशी दिलं. १९७० साली ते संत म्हणून जाहीर झाले.

क्रॅन्मर आणि कॅम्पियन, मध्ये फक्त पंचवीस वर्षं. मारणारे आणि मरणारे यांनी तेवढ्यात जागा बदलल्या होत्या.

पापांचे गुडघे गोदामात उभं राहून गेलेत, म्हणून मनोऱ्यावर मी एकटीच गेले. १२७ पायऱ्या, शेवटी इतक्या अरुंद की उतरणारा आला तर भिंतीला चिकटावं लागतं. वरून रॅडक्लिफ कॅमेराचा घुमट जवळच दिसतो, चहूकडे कॉलेजांचे चौक. वारा एवढा की डोळ्यांतून पाणी. फोटो काढले आणि उतरले.

खाली आले तर पापा बाकावर नव्हते. एका भिंतीपाशी उभे होते, हात पाठीमागे बांधून, चष्मा कपाळावर. तिथे एक दगडी पाटी आहे, अलीकडची, २००८ सालची. ऑक्सफर्डशी संबंध असलेल्या, धर्मसुधारणेच्या काळात मारल्या गेलेल्या लोकांची नावं तीवर आहेत. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट, एकाच यादीत. क्रॅन्मर आहेत, त्यांच्या आधी जाळलेले लॅटिमर आणि रिडली आहेत, कॅम्पियन आहेत. कोण कोणाच्या बाजूचा, हे ठाऊक नसेल तर नुसत्या नावांवरून कळत नाही.

पापांनी सगळी नावं वाचली होती. इंग्रजी पाटी, रोमन अक्षरं. वाचायला त्यांना कोणाची मदत लागत नव्हती. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "आमच्या गांवांत अशें एका फातरार बरयल्लें आसा?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पापांचं घर कुंकळ्ळीचं. १५८३ च्या जुलैमध्ये तिथे चर्चसाठी जागा पाहायला आलेल्या पाच जेझुइटांना गावकऱ्यांनी मारलं. त्याआधी गावाची देवळं पोर्तुगीजांनी पाडली होती. पुढे गावच्या मुखत्यारांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलणीसाठी म्हणून बोलावलं आणि कापून काढलं. पाच जेझुइट १८९३ मध्ये धन्यवादित ठरले, चर्चमध्ये त्यांची आठवण होते. गावच्या त्या नायकांचं स्मारक उभं राहायला २००३ साल उजाडलं, तेही वेगळं. पापा लहानपणी पाच जेझुइटांच्या गोष्टी ऐकत वाढले. मारले गेलेले नायकही त्यांच्याच गावचे, कदाचित त्यांचेच पूर्वज. कोणासाठी रडायचं हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

"नाही," मी म्हटलं.

"इथे किती वर्षांनी लिहिलं?"

"साडेचारशे."

"मग अजून वेळ आहे," पापा म्हणाले. मेणबत्त्यांचा स्टँड होता, तिथे नाणं टाकून त्यांनी दोन मेणबत्त्या पेटवल्या. एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला एक. कोणासाठी, ते मी विचारलं नाही.

बाहेर येऊन आम्ही बाकावर बसून चोरीस-पाव खाल्ला. पापांनी रात्री कामावर जायच्या आधीच फॉइलमध्ये बांधून ठेवला होता. त्यांच्या कोटाकडे बघून मला आठवलं आणि मी सांगितलं, की ज्या संस्थेच्या दुकानातून हा कोट घेतला ती ऑक्सफॅम याच चर्चमध्ये सुरू झाली. १९४२ च्या ऑक्टोबरमध्ये, युद्धात उपाशी मरणाऱ्या ग्रीसच्या लोकांसाठी काही करावं म्हणून जुन्या ग्रंथालयाच्या खोलीत बैठक झाली होती. पापांनी कोटाची बाही चाचपली. "म्हणजे हा घरी आला," ते म्हणाले आणि हसले. त्या दिवसात पहिल्यांदा.

मग मी ती गोष्ट काढली जी बसमध्येच सांगायची होती, पण ते झोपले होते.

कॅम्पियनच्याच पिढीतला आणखी एक इंग्रज जेझुइट होता, थॉमस स्टीफन्स. जन्म साधारण १५४९ चा, म्हणजे इंग्रजी प्रार्थनेचं पुस्तक आलं त्याच सुमाराचा. गाव विल्टशरमधलं बुश्टन. पापांना म्हटलं, तुमच्या खोलीपासून ते पंधरा किलोमीटरच्या आत आहे. कॅम्पियन इंग्लंडला परत आले आणि मेले. स्टीफन्स लिस्बनहून जहाजात बसले आणि २४ ऑक्टोबर १५७९ ला गोव्याला पोचले. भारतात येऊन राहिलेला पहिला इंग्रज म्हणून त्यांचं नाव घेतात. पोचल्यावर तीन आठवड्यांच्या आतच त्यांनी इंग्लंडला आपल्या वडिलांना पत्र लिहिलं, प्रवासात काय काय झालं ते सगळं. ते पत्र पुढे छापलं गेलं, म्हणून आजही वाचायला मिळतं. त्यानंतर उरलेलं आयुष्य गोव्यात, बरंचसं आमच्या साष्टीतच. १६१९ मध्ये ते वारले. परत गेलेच नाहीत.

"बापाला भेटला नाही?" पापांनी विचारलं.

"नाही."

पापा पावाचा तुकडा हातात धरून गप्प बसले.

मी पुढे सांगितलं. त्या माणसाने दहा हजारांवर ओव्यांचं 'क्रिस्तपुराण' लिहिलं, मराठीत. आपल्याला अभ्यासाला असतं तेच. १६१६ मध्ये ते रायतूरच्या छापखान्यात छापलं. त्यानेच कोंकणीत ख्रिस्ती शिकवणुकीचं पुस्तक लिहिलं, आणि कोंकणीचं व्याकरणही, जे त्याच्या मागे १६४० मध्ये छापून आलं. एकाच हाताने दोन्ही. आमच्या घरात ज्या दोन भाषा एकमेकींशी धड बोलत नाहीत, त्या त्या परक्या माणसाच्या टेबलावर शेजारी शेजारी होत्या.

आणि मग मी सहज, अगदी माहिती म्हणून, पुढचं सांगितलं. छापखान्यात देवनागरीचे खिळे नव्हते. म्हणून 'क्रिस्तपुराण' छापलं ते रोमन अक्षरांत.

पापांनी चष्मा खाली ओढला. "रोमींत? मराठी?"

"हो."

"तर तें म्हाका वाचूंक येतलें?"

मला काय बोलावं सुचेना. तीन वर्षं मी हे पुस्तक अभ्यासतेय. परीक्षेत दहा मार्कांच्या प्रश्नात लिहिलंय की मूळ मुद्रण रोमन लिपीत होतं. पण हे वाक्य माझ्या घरातल्या कोणाबद्दल आहे, असं कधी मनातही आलं नव्हतं.

पहिल्या तीन आवृत्त्यांची एकही प्रत उरलेली नाही. पण १९०७ मध्ये मंगळूरला जोसेफ साल्ढाणा यांनी ते पुन्हा रोमनमध्येच छापलं, त्याचे स्कॅन मिळतात. माझ्या फोनवर होतंच. वारा सुटला होता म्हणून आम्ही पुन्हा आत गेलो, मागच्या एका बाकावर बसलो. मी पान मोठं करून फोन त्यांच्या हातात दिला.

पापांनी वाचायला सुरुवात केली. हळू आवाजात, ओठ हलवत, प्रार्थना वाचतात तसं. अडखळले, पण जिथे मी अडखळते तिथे नाही. मी नेहमी देवनागरीतली प्रत वाचते. रोमन पान समोर आलं की माझं डोकं इंग्रजी उच्चार करू लागतं. पापांना तसं होत नव्हतं. "दोन एल म्हणजे ळ," ते म्हणाले. "दोन एन म्हणजे ण. एवढंही शिकवत नाहीत तुमच्या कॉलेजात?" मी एक ओवी मोठ्याने वाचायचा प्रयत्न केला, त्यांनी तीन चुका काढल्या. शब्दाचा अर्थ अडला की ते माझ्याकडे बघत, उच्चार अडला की मी त्यांच्याकडे. असं आम्ही पाऊण तास वाचलं. चर्चमधले एक वयस्क स्वयंसेवक जवळून गेले, आमच्याकडे बघून हसले. त्यांना वाटलं असेल, बापलेक प्रार्थना करतायत.

मध्येच पापा थांबले आणि म्हणाले, "हें मराठी न्हय. हें कोंकणीच." मी म्हटलं, नाही, मराठीच आहे, काही शब्द तेवढे आपल्याकडचे आहेत. त्यावर आमचं थोडं वाजलं, हळू आवाजात. त्यांनी ऐकलं नाही. मीही ऐकलं नाही. पण इतक्या वर्षांत मराठीवरून पहिल्यांदाच आम्ही दोघं एका पानावर बोट ठेवून भांडत होतो.

परतीच्या बसमध्ये पापा झोपले नाहीत. फरिंग्डन गेल्यावर म्हणाले, "त्या कागदावर तू काय लिहिलं होतंस?" मी सांगितलं. मम्मीच्या आजोळच्या विहिरीवर होता तो लेख. त्यांनी शेवटपर्यंत ऐकला. मग म्हणाले, "किटली ठेवायला टेबलावर जागाच नव्हती गो." ती माफी होती की सबब, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. दोन्ही धरून चालते.

मी गोव्याला परत आले त्याला आता चार महिने झाले. पापा तिथेच आहेत. ते येणार कधी, मी तिकडे जायचं की नाही, यावर घरात बोलणं चालूच आहे आणि माझं मन अजून ठरलेलं नाही. मराठी आपली की परकी, यावरही त्यांचं मत बदललेलं नाही. फोनवर ते अजून विचारतात, शिकून करणार काय? पण आठवड्यातून एकदा त्यांचा मेसेज येतो. रोमीत, एखादा शब्द, पुढे प्रश्नचिन्ह. 'क्रिस्तपुराणा'तला शब्द असतो. रात्रपाळीच्या जेवणाच्या सुट्टीत वाचतात म्हणे. आतापर्यंत पहिल्या भागातल्या तिसऱ्या अध्यायापर्यंत आलेत.

हा लेख अंकात देवनागरीतच येईल. मम्मी आणि मी मिळून तो रोमन अक्षरांतही टाइप करतोय. मम्मीला रोमीची सवय आहे, माझ्या चुका ती काढते. दोन एल म्हणजे ळ, दोन एन म्हणजे ण. झाला की पापांना पाठवणार आहे. माझं नाव कुठे आहे ते या वेळी दाखवावं लागू नये.